धाकट्याचं अंगडं

"याला काही घालून ठेवायचात का, काकू?" स्क्रू काढता काढता कंप्युटरवाल्याने विचारलं.

"मग काय, उघडानागडा ठेवीन होय?" ती उठली आणि टीव्हीच्या स्टँडवरून अंगडं घेऊन आली. निळं रेक्झिन, आतून फ्लॅनेलचं अस्तर, वायरींपुरती काजं, वर दोन चापबटणं. "घ्या. एक टाका उसवलेला दाखवा."

शिवणाऱ्या बाईच्या घरात काहीच उघडं राहत नाही. मिक्सरला खोळ, रिमोटला खोळ, शिलाई मशीनला तर दोन, एक अंगावर आणि एक धुवायला. "आता मलाच काय ती घालायची राहिली," असं तिचा नवरा म्हणायचा, बोलत होता तेव्हा.

हा कंप्युटर मुलाने आणला होता. जेवणाच्या डब्याएवढा. तो टीव्हीला जोडून त्याने त्यात सिनेमे, गाणी, घरातले झाडून सगळे फोटो आणि व्हिडिओ भरले आणि म्हणाला, "आई, हा तुझा धाकटा. सांभाळ." धाकटा म्हटल्यावर तिने माप घेतलं. अंगडं पाहून मुलगा हसत सुटला. "आता टोपडंही शिव!" सिनेमा लावताना तो अंगडं काढून बाजूला टाकायचा, आणि ती "मुलांना मेहनतीची किंमत नसते" म्हणत परत चढवायची.

मग हा थोरला मोटरसायकलवरून गेला तो परत आलाच नाही. त्याच्या मोबाइलचाही चुरा झाला. महिन्याभरात नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. राहिला धाकटा. त्यात एक व्हिडिओ होता, स्पीकर जोडले त्या दिवशीचा. मुलगा पडद्यातून वाकून विचारायचा, "बाबा, आवाज येतोय का?" आणि खुर्चीतून उत्तर यायचं, "येतोय, येतोय." दिवसभरात नवऱ्याच्या तोंडून निघायचे ते एवढेच शब्द. डॉक्टर म्हणाले होते, हा धागा तुटू देऊ नका. धाग्याचं तिला काय सांगायचं! रोज दुपारी ती हातातलं शिवण ठेवून तो व्हिडिओ लावायची. काल मात्र धाकटा सुरूच झाला नाही.

कंप्युटरवाल्याने अंगडं उलटं केलं. "चालू असतानाही घातलेलं असायचं?"

"मग? धूळ काय बंद असतानाच बसते?"

त्याने ते तिच्यापुढे धरलं. तिने अस्तराकडे पाहिलं. मधोमध तपकिरी, चौकोनी डाग. हा डाग कशाचा ते तिला कुणी सांगायला नको होतं. इस्त्री विसरली की गिऱ्हाइकाच्या कपड्यावर उमटतो, तोच. बोट फिरवलं तशी लव झडून हाताला लागली.

"गरम लागायचा हो," ती म्हणाली. "रोज हात लावून बघायचे. मला वाटायचं, जिवंत आहे."

"जुनाच होता, काकू. कधीतरी जाणारच होता."

"खोटं बोलू नका, भाऊ. डाग मला कळतो." मग तिने त्याचं मनगटच धरलं. "एक व्हिडिओ काढून द्या. अर्धा निघाला तरी चालेल. चेहरा नको, नुसता आवाज काढा."

"ज्यात सगळं साठतं ती आतली पट्टीच करपलीय. कुठेही नेलीत तरी यातून काही निघायचं नाही." तो खाली बघत होता. "दुसरीकडे कुठे ठेवलेला नाही? दुसरी कॉपी?"

"एकुलता एक होता हो," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने अंगडं उसवायला घेतलं, पण कात्री हातातच राहिली. नवरा खुर्चीतून टीव्हीकडे बघत बसला होता. निळ्या पडद्यावर 'सिग्नल नाही' एवढंच. रोजची वेळ त्याला बरोबर कळायची. तो तिच्याकडे बघू लागला, मग टीव्हीकडे, मग परत तिच्याकडे. ते बघणं तिला सोसेना.

ती उठली. तोंड दिसू नये म्हणून टीव्हीच्या मागे जाऊन वाकली, घसा खाकरला आणि जमेल तितक्या जाड आवाजात म्हणाली, "बाबा, आवाज येतोय का?"

मग खुर्ची करकरली.

"नाही," तो म्हणाला. "नाही येत."

वाचा गेल्यापासूनचा नवऱ्याच्या तोंडचा हा पहिला नवा शब्द. ती टीव्हीमागून बाहेर आली, खोळीतला रिमोट उचलला आणि आवाज वाढवू लागली. निळ्या पडद्यावरची रेघ सरकत सरकत टोकाला टेकली, तरी तिने बटण सोडलं नाही.