दुपारचा डेस्कटॉप

"कुठं गेलं सगळं?"

रामेश्वरनं आवाज चढवला नव्हता, म्हणूनच पोळी लाटणाऱ्या रत्नमालाचे हात थांबले. ती दारात आली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसता करडा रंग होता आणि खाली एक बारीक पट्टी. त्याचे फोटो, त्याची गाणी, उजव्या कोपऱ्यातला 'आबा' नावाचा फोल्डर, काहीच दिसत नव्हतं.

"गेलं नाही हो. आहे सगळं. फक्त डेस्कटॉप दुसरा लागलाय. बाहेर पडून पुन्हा आत आलं की…"

"दुसरा म्हणजे?"

आता सांगावं लागणार होतं.

हा कॉम्प्युटर रामेश्वरच्या कंपनीनं मोडीत काढलेला. रामेश्वरनं तो उचलून आणला आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या नवाबनं त्यात विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकून दिलं. चहा पिता पिता नवाब म्हणाला होता, "पासवर्ड डालते वखत ये छोटा चाक दिखता ना, इसपे दबाए तो दूसरा डेस्कटॉप खुलता. घर वहीच, सामान वहीच, बस बैठक बदलती." रामेश्वर तेव्हा मोबाइलवर बोलत होता. कप उचलायला आलेल्या रत्नमालानं मात्र ते ऐकलं, आणि तिच्या लक्षात राहिलं.

पुढं तिला आप्पासाहेब सरांच्या क्लासचं काम मिळालं. दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिका टाइप करायच्या. लग्नानंतर तिच्या नावावर आलेलं हे पहिलं काम. पण रामेश्वरच्या त्या देखण्या डेस्कटॉपवर जुनं मशीन दमायचं. बोट पुढं आणि अक्षर मागं. एका दुपारी लेकीला, चकुलीला, पाळण्यात निजवून तिनं ते चाक दाबून पाहिलं. समोर हा करडा पडदा आला. प्रश्नपत्रिका कुठंच दिसेनात. मग खालच्या पट्टीतून फोल्डर उघडला, तर सगळ्या जागच्या जागी होत्या. पाळण्यातल्या लेकीची घोंगडी सरकवून पाहावी तसं तिनं एकेक उघडून पाहिलं होतं. आणि टाइप करायला लागली तर अक्षरं बोटाबरोबर धावत होती.

तेव्हापासून दुपारी हा डेस्कटॉप आणि रामेश्वर यायच्या आधी त्याचा. सांगितलं नाही, कारण पूर्वी एकदा तिनं त्याच्या डेस्कटॉपवरचं एक चित्र जरा बाजूला सरकवलं, तर दोन दिवस धुसफूस चालली होती. तो फोल्डरांची नावं वाचायचा नाही, जागेवरून ओळखायचा. मशीन शेवटी निवडलेलाच डेस्कटॉप पुढच्या वेळी उघडायचं, म्हणून ती न चुकता चाक फिरवून ठेवायची. आज मात्र गल्लीत पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला. पुंडलिकनगरात नव्या बिल्डिंगा उठत होत्या, त्यांचे बोअर खोल जात होते आणि जुन्या गल्ल्यांचे नळ फुसफुसत होते. टँकर चुकवणं परवडणारं नव्हतं. बटण तसंच बंद करून ती बादल्या घेऊन पळाली.

"म्हणजे माझ्यामागं रोज बदलत होतीस," रामेश्वर म्हणाला.

"तुमचं काही हलवलं नाही मी. पाच मिनिटं बसू द्या, लगेच आणते."

"हात लावू नको त्याला. लई उद्योग केलेस."

आतून रामेश्वरच्या आई, म्हाळसाबाई, आल्या. उद्या त्यांच्या मालकांचं, आबांचं म्हणजे मल्हाररावांचं, वर्षश्राद्ध. सोयगावहून भावकी येणार होती. कळप विकायच्या आदल्या दिवशी आबा मेंढरं हाकताहेत, असा एक व्हिडिओ 'आबा' फोल्डरात होता. रामेश्वरच्या जुन्या मोबाइलनं मान टाकायच्या आधी रत्नमालानंच तो उतरवून घेतला होता. आबांचा आवाज असलेला तेवढा एकच. रामेश्वर तोच सगळ्यांना दाखवणार होता.

"तरी म्या म्हणत व्हते," म्हाळसाबाई म्हणाल्या, "दुपारची ती टकटक घराला लागणार हाय. सगळ्या बायांला झोप येतीय दुपारची, हिलाच नाय."

"आत्याबाई, आबांचं आहे आतच. दाखवते मी."

"तू कशाला दाखवतीस? तुझ्यानंच झालंय नं."

रामेश्वरनं वायरी उपसल्या, कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळला आणि गाडीवर पायांमध्ये ठेवला. चकुलीला कडेवर घेऊन रत्नमाला फाटकापर्यंत मागं गेली.

"अहो, रिपेअरच्या दुकानात एवढंच सांगा, काही पुसू नका म्हणावं."

"कळतंय मला."

तो दिवेलागणीला परतला. खूश होता. चकुलीसाठी बिस्किटाचा पुडा आणला होता. वायरी जोडल्या, पडदा निळाशार उजळला.

"बघ, कसं नवंकोरं केलं दुकानातल्या पोरानं. ते लिनक्स-बिनक्स काढूनच टाकलं म्हणाला."

रामेश्वरची नजर उजव्या कोपऱ्यात गेली, मग डावीकडं, मग सगळीकडं फिरली. त्यानं दुकानात फोन लावला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"भाऊ, तुम्हीच म्हणले नं, सगळं गायब झालंय म्हणून. मग काय, सगळं पुसून फॉरमॅट मारलं."

"पण ते होतं…" रामेश्वर म्हणाला. फोन हातातच राहिला.

तो खुर्चीवरून उठला.

"तू बघ. तुला माहीत असतंय आतलं."

रत्नमाला खुर्चीत बसली. तिला बघायची गरज नव्हती, फॉरमॅटमध्ये सगळंच पुसलं गेलं होतं. आप्पासाहेब सरांच्या प्रश्नपत्रिकाही त्यातच गेल्या होत्या, आणि सोमवारी त्यांना काय सांगायचं हे तिचं तिलाच ठरवायचं होतं. रामेश्वरनं लेकीला तिच्या मांडीवरून आपल्याकडं घेतलं आणि खुर्चीमागं उभा राहिला. म्हाळसाबाई पदराला हात पुसत आल्या, भुईवर मांडी घालून पडद्याकडं तोंड करून बसल्या.

"लागलं का रं?"

रत्नमालानं एक फोल्डर उघडला. रिकामा होता. बंद केला. दुसरा उघडला.

"सावकाश बघ," रामेश्वर मागून म्हणाला, "घाई नाय काही."

तिनं मान हलवली आणि तिसरा उघडला.