लाभ, दोन, तीन

लाभ

फॉर्मला चार रकाने होते. नाव. बारावीची टक्केवारी. झालेली चूक. चुकीचं कारण.

पहिले तीन प्राचार्यबाईंनी आधीच भरून पाठवले होते. ज्ञानेश्वरी, नर्सिंगचं तिसरं वर्ष. बावन्न टक्के. 'ऑपरेशन चालू असताना मॉपची मोजणी चुकवली.' चौथा रकाना ट्यूटर म्हणून रुपालीने भरायचा आणि खाली सही करायची. सही झाली की ज्ञानेश्वरीचं ऑपरेशन थिएटरचं पोस्टिंग बंद. पोस्टिंगचे तास भरले नाहीत तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर वर्ष गेलं.

कारण.

रुपालीने लिहिलं, 'लाभ'. मग खोडलं. हे वाचून बाई तिलाच वेड्यात काढणार.

दोन

झालं ते एवढंच.

एका खलाशाच्या पोटाचं ऑपरेशन. मॉप म्हणजे रक्त टिपायचं कापड; त्याचे बारके तुकडे दहा, ते ज्ञानेश्वरीने मोठ्यानं मोजून दिले. फळ्यापाशी तिच्याच वर्गातली संस्कृती उभी होती, बारावीला एक्याण्णव टक्के, बोरिवलीत वाढलेली. तिने शेवटचा आकडा ऐकला आणि फळ्यावर दहा लिहिले. इथवर सगळं सुरळीत. मधेच डॉक्टर म्हणाले, मोठा मॉप द्या. ज्ञानेश्वरीने एक मोठा मॉप काढून दिला आणि नेमानं पुकारलं, "लाभ!"

संस्कृती फळ्याकडे तोंड करून होती. आकडा ऐकू आला नाही, म्हणून तिने काही लिहिलं नाही. दुसरा मोठा मॉप लागलाच नाही.

पोट शिवायच्या आधीच्या मोजणीत बारके दहा आले. मोठा एक आला. फळ्यावर मोठ्याच्या पुढे शून्य होतं.

शून्य दिलेत आणि एक परत आलाय, मग दिले होते किती? दोन? तीन? आत किती राहिले? पंचवीस मिनिटं माणूस उघड्या पोटानं टेबलावर. एक्स-रे काढला. आत काही नव्हतं. डॉक्टर मात्र इतके भडकले, की आरडाओरडा कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू आला.

तीन

"लाभ म्हणजे?" प्राचार्यबाईंनी फॉर्मवरचा खोडलेला शब्द वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"एक, मॅडम," रुपाली म्हणाली. "खळ्यावर भात मापताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. मग दोन, तीन. आमच्या लांज्याकडे आजोबा तसेच मोजायचे. या ज्ञानेश्वरीची आई नाटे बंदरावर मासळी विकते. पाट्या मोजतानाही तसंच."

"आये म्हणते, एक म्हटलं की एकच रवतो," ज्ञानेश्वरी खाली मान घालून म्हणाली. "लाभ म्हटलं की पुढचा येतो."

"पुढचा काय येतो? मॉप? पेशंटच्या पोटात?"

बाईंनी पेन्सिलींचा डबा तिच्यापुढे ओतला.

"मोज बघू. या पेन्सिली मोज."

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा."

"मग येतंय की तुला!" बाईंनी टेबलावर हात आपटला. "येत असून केलं नाही, याला निष्काळजीपणा म्हणतात. रुपाली, लिहा तेच कारण."

रुपालीला वाटलं, लाभचं सांगून आपणच तिला हात धरून विहिरीच्या काठावर आणून सोडलं.

"घाईत तोंडात घरचंच येतं, मॅडम. आणि संस्कृतीनं वळून बघायला हवं होतं ना? नियमच आहे, दोघींनी बघून मोजायचं."

"तिला नियम ठाऊक आहे. मोजणीच्या प्रश्नाला तिला पाचपैकी पाच आहेत. हिला दोन." बाईंनी गुणांची यादी पुढे सरकवली. "पेपर तपासले कोणी? तुम्हीच ना? मी उगाच म्हणत नाही, बावन्नवाल्यांना थिएटर झेपत नाही. गुण खोटं बोलत नाहीत."

चार

रुपाली संतापून आपल्या खोलीत आली. गेल्या पाच वर्षांतल्या मुलींची बारावीची टक्केवारी आणि नर्सिंगचा निकाल असा तक्ता याच बाईंनी तिच्याकडून करून घेतला होता. लेखी परीक्षेत जास्त टक्केवाल्या पुढे होत्या, हे खरं होतं. मधेच सोडून गेलेल्या चौघींपैकी तिघी ऐंशीच्या वरच्या, हेही खरं होतं. वॉर्डात कोण कशी उभी राहते, याचा रकानाच तक्त्यात नव्हता. रुपालीने तो मागितला तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "तो कसा मोजणार?"

तिने कपाटातून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ओढला. संस्कृतीचं उत्तर पुस्तकातलं, स्वल्पविरामासकट. ज्ञानेश्वरीचं चार ओळींचं, मोडक्या इंग्रजीत. शेवटची ओळ होती:

बोथ सी अँड काउंट. माउथ नॉट ट्रस्ट.

दोघींनी बघून मोजावं. तोंडावर विश्वास ठेवू नये.

खाली रुपालीचीच लाल रेघ. बाजूला प्रश्नचिन्ह. 'भाषा सुधारा.' दोन गुण.

त्या दिवशी तपासायला साठ पेपर होते, तिचं डोकं दुखत होतं. पण हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

पाच

उत्तरपत्रिका घेऊन ती पुन्हा बाईंच्या टेबलाशी गेली. फॉर्मच्या चौथ्या रकान्यात लिहिलेलं होतं: 'पुकारणारीचा शब्द फळ्यावरचीला कळला नाही. फळ्यावरचीने बघितलं नाही. लेखी प्रश्नाला दिलेले दोन गुण ही तपासणारीची चूक.' खाली तिची सही.

"यात तुमचं नाव लागतंय," बाई म्हणाल्या.

"लागू दे."

"गुण आता बदलता येत नाहीत."

"ठाऊक आहे, मॅडम."

बाईंनी ती इंग्रजी ओळ वाचली, पुन्हा वाचली. ओठांच्या कडेला हसू आलं आणि लगेच गेलं. मग त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर दोन ओळी खरडल्या. "उद्यापासून पाठवा तिला. पण एकाला एकच म्हणायला लावा."

रुपाली जवळजवळ धावतच खाली आली. ज्ञानेश्वरी प्रॅक्टिकलच्या खोलीत मॉपच्या घड्या घालत होती, एकटीच. तिने कागद वाचला. तोंडावर आनंद नाहीच.

"मॅडम, हे काय ओ? 'गुण कमी असूनही आणखी एक संधी देण्यात येत आहे.'"

"पोस्टिंग मिळालं ना, गो."

"मिळालं. पण मी मोजलं बरोबर. मग संधी कसली? आणि गुण कशाला मधी?"

रुपालीने त्या ओळीवरून पुन्हा नजर फिरवली. बाईंच्या टेबलावरून एवढंच सुटलं, हे हिला कसं सांगायचं? आणि ते दोन गुण?

"तुझा पेपर मी नीट वाचला नव्हता," ती शेवटी म्हणाली. "तुझं उत्तर बरोबर होतं."

"मला ठाऊक होतं," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिने कागदाची घडी केली, खिशात कोंबली आणि मॉपचा गठ्ठा पुढे ओढला. दात आवळून पहिला उचलला.

"एक."

असा उच्चारला, जणू कुणाला शिवी घालतेय. दुसरा उचलला. रुपाली खुर्ची ओढून समोर बसली आणि तिच्या बोटांकडे बघत राहिली, शेवटचा मॉप येईपर्यंत.