मावशीने वाचलेलं कार्लचं भाषण

कार्ल होल्मचा बाप डॅनिश, खोबऱ्याचा व्यापारी; आई सामोअन. सरकारी वहीत तो गोरा होता, त्याचा मावसभाऊ फातू मात्र नेटिव्ह. गोऱ्यांना एक कायदा, नेटिव्हांना दुसरा. सामोआवर न्यूझीलंडचं राज्य होतं. सगळ्यांना एकच कायदा हवा, असा अर्ज वेलिंग्टनच्या सरकारकडे न्यायचा म्हणून कार्ल दोन वर्षं गावोगाव सभा घेत होता.

आईच्या गावी सभा भरली त्याच सकाळी हुकूम आला, की नेटिव्हांच्या सभेत गोऱ्याने बोलायचं नाही. गोरा फौजदार दुभाष्याला घेऊन सभाघराच्या खांबाशी येऊन बसला.

"मी बोलणारच," कार्ल कुजबुजला. "टाकू देत तुरुंगात."

"आणि आपला अर्ज वेलिंग्टनला कोण नेणार? तुझा कोट?" शेजारी बसलेली लेउतू मावशी म्हणाली. नवऱ्यामागे, सभेत गावातर्फे बोलणाऱ्या वक्त्याची पदवी तिच्याकडे आली होती. "आण ते कागद. शी! अक्षर आहे की खेकडा चालून गेलाय?"

काठी टेकत ती उभी राहिली.

"माझ्या भाच्याने अकरा पानं लिहिलीत. पहिली चार त्याच्या स्वतःबद्दल आहेत, ती सोडते."

सभा खदखदून हसली. कार्लचे कान लाल झाले.

"इथे 'न्यायिक विषमता' असं काहीतरी आहे. म्हणजे असं बघा. बेटाचा मोठा साहेब समोरून आला आणि फातू घोड्यावरून उतरला नाही. त्याची घराण्याची पदवी गेली, वर्षभर गावाबाहेर काढलं. आमचा कार्ल त्याच साहेबापुढे टोपीसुद्धा काढत नाही. त्याला साहेब चहाला बोलावतो. दोघं एकाच आजीचे नातू."

आता कुणीच हसलं नाही. तो चहा कार्ल परवाच पिऊन आला होता. बिस्किटंही खाल्ली होती.

फौजदार ओरडला. दुभाषा म्हणाला, "साहेब म्हणतात, हे भाषण होल्मचं आहे."

"त्याने तोंड उघडलेलं दिसलं का साहेबांना?" मावशीने विचारलं. "मांडी घालून पायाला मुंग्या आल्यात बिचाऱ्याच्या. बोलतोय कसला!"

अर्जावर सह्या सुरू झाल्या. कागदावर गोऱ्यांसाठी वर वेगळी जागा आखली होती, ती कार्लनेच. तो लंगडत पुढे आला आणि ती सोडून खाली नेटिव्हांच्या ओळीत त्याने आईच्या घराण्याचं नाव लिहून सही केली. फौजदाराने ते टिपून घेतलं.

महिन्याभरात कार्लला तीन वर्षांची हद्दपारी झाली. धक्क्यावर अर्धं गाव लोटलं. मावशीने त्याची कॉलर सारखी केली.

"रडू नकोस रे. आजवर मोठा साहेब तुला नुसता चहा पाजत होता, आता भ्यायला लागलाय."

"मी कुठे रडतोय?"

"मग नाक पूस."

अर्ज कोटाच्या आतल्या खिशात होता. खिसा चाचपून बघत तो वेलिंग्टनच्या बोटीत चढला.