चौथं शील

२००५ च्या मे महिन्यात चेतन आपल्या मुलीला, स्पृहाला, चार आठवड्यांसाठी पुण्याला ठेवून गेला, तेव्हा सरोजिनीबाई ओव्हाळ बासष्ट वर्षांच्या होत्या आणि वारज्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायला लागून त्यांना तीन वर्षं झाली होती.

फ्लॅट चेतननेच घेतला होता, सगळ्यांनी एकत्र राहायचं म्हणून. सामान लागून सात महिने झाले नाहीत तोच कंपनीने त्याला बंगलोरला पाठवलं. तो, त्याची बायको सोनाली आणि लहानगी स्पृहा गेली. सरोजिनीबाईंचे यजमान सीताराम त्याआधीच वारले होते. भवानी पेठेतली जुनी खोली सोडून दिलेली, तिथे परत जायची सोय नव्हती. भवानी पेठेत दार फक्त झोपताना लागायचं. इथे तिसऱ्या मजल्यावरची चारही दारं दिवसभर बंद असत. सगळी माणसं सकाळी कंपनीच्या बसने जायची आणि दिवेलागणीनंतर परतायची. कधीकधी दुपारी भाजीवाल्याला वरून हाक मारताना सरोजिनीबाईंच्या लक्षात यायचं, की आज आपण तोंडातून काढलेला हा पहिला शब्द.

बत्तीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काम केलं होतं. चेतन शाळेत असताना मे महिन्यात त्यांना रजा कधी मिळाली नाही. तो सुट्टीभर दौंडला चंद्रभागामावशीकडे असायचा. जूनमध्ये काळा होऊन, थोडा उंच होऊन परत यायचा. त्याच्या सुट्ट्या कशा असायच्या, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून नातीची ही सुट्टी त्यांनी मार्चपासूनच मनात मांडून ठेवली होती. मंडईत जाऊन आंबोशीसाठी कैऱ्या आणायच्या, पर्वती चढायची, बुद्धपौर्णिमेला दोघींनी मिळून खीर करायची. नाना पेठेतून त्यांनी एक सायकलही आणून ठेवली होती, लेडीज, निळी, स्पृहाला जरा मोठीच.

स्पृहा नऊ वर्षांची होती, बोलायला तडतडी. पहिले दोन दिवस तिने टीव्हीच्या रिमोटशी काढले. तिसऱ्या दिवशी सायकल घेऊन ती खाली उतरली. इमारतीमागे एक मोकळा प्लॉट होता, बिल्डरने सपाट करून ठेवलेला. सरोजिनीबाई कडेला उभ्या राहिल्या. नात चार फेऱ्या मारून त्यांच्यापुढे येऊन थांबली.

"आजी, आता तू."

"मला नाही येत गं."

स्पृहाला हसू आवरेना. "इतकी मोठी झालीस आणि सायकल येत नाही?"

"तुझे आजोबा मला कॅरिअरवर बसवून दवाखान्यात सोडायचे. मग शिकायची वेळच आली नाही."

"पण ते तर आता नाहीत ना," स्पृहा म्हणाली. मुलं म्हणतात तसं, सरळ. "मग मी शिकवते."

सरोजिनीबाईंनी तो विषय हसण्यावारी नेला. पण पोरगी हटून बसली. रात्री जेवताना तेच, सकाळी दात घासताना तेच. शेवटी कपाटात सोनालीने विसरलेला एक पंजाबी ड्रेस होता, तो त्यांनी चढवला. आरशात पाहिलं आणि पटकन दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला शिकवणी सुरू झाली. स्पृहा मागून सीट धरायची आणि ओरडायची, "खाली नको बघू! समोर बघ! आजी, पेडल, पेडल!" वॉचमन खुर्ची वळवून बसायला लागला. समोरच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ रोज त्या वेळी फिरायला निघत. चौथ्या दिवशी ते थांबले आणि म्हणाले, "काय हो, सर्कसमध्ये भरती सुरू आहे वाटतं?"

"सुरू आहे ना," सरोजिनीबाई धापा टाकत म्हणाल्या. "विदूषकाची जागा रिकामी आहे. अर्ज करून टाका."

स्पृहा इतकी हसली, की तिने सीट सोडली आणि दोघी सायकलसकट मातीत बसल्या. त्या दिवशी घरी येऊन तिने तो संवाद फोनवर आईला तीनदा सांगितला असता, पण सरोजिनीबाईंनी तिला अडवलं. "बाबाला आत्ता काही सांगायचं नाही. मला नीट यायला लागली, की त्याला दाखवू." स्पृहाला गुपित आवडलं.

संध्याकाळी दोघी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्ती लावून बसायच्या. स्पृहाला पंचशील अर्धवट येत होतं. सरोजिनीबाईंनी तिच्याकडून ते पाठ करून घेतलं, एकेका शीलाचा अर्थ मराठीत सांगून. दारूच्या पाचव्या शीलापाशी स्पृहाने विचारलं, "कोक चालतं ना?" चौथं शील, खोटं न बोलण्याचं, तिला सगळ्यात अवघड वाटलं. "मस्करीत पण नाही?" "मस्करीत पण नाही." "टीचरला पण नाही?" "कुणालाच नाही." ती विचारात पडली.

बाराव्या दिवशी सरोजिनीबाईंची सायकल पहिल्यांदा सरळ गेली. स्पृहा मागून पळत होती, तिची चप्पल फटफट वाजत होती. मग तो आवाज थांबला. सरोजिनीबाईंना ते कळलं, आणि तरी त्या पेडल मारत राहिल्या. पंचवीस-तीस फूट त्या एकट्या गेल्या. वारा कानांत शिरत होता. बासष्ट वर्षांत आपण स्वतःहून इतक्या वेगाने कुठे गेलेलो नाही, असं त्यांना वाटलं. मागून स्पृहा टाळ्या वाजवत ओरडली, "आजी, मी सोडलंय! तू एकटी चालवतेयस!"

त्यांनी मागे वळून पाहिलं. चाक खडीच्या ढिगात गेलं आणि त्या उजव्या हातावर पडल्या.

मनगट उलट्या चमच्यासारखं वाकलं होतं. एक्स-रे काढायची गरज नव्हती. अशी शेकडो मनगटं त्यांनी पाहिली होती. त्यांनी ओढणीने हात गळ्यात बांधला आणि मग स्पृहाकडे पाहिलं. पोरगी पांढरी पडली होती.

"मी सोडणार नाही म्हटलं होतं. आणि सोडलं," ती म्हणाली. "माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे नाही. मी मागे बघितलं म्हणून."

"बाबा मला मारेल?"

"मारत नाही तुझा बाबा. पण ऐक." सरोजिनीबाई खाली वाकल्या. "आपण बाबाला सांगायचं, की आजी बाथरूममध्ये घसरली."

स्पृहाने डोळे पुसले. "आजी, चौथं?"

सरोजिनीबाईंनी ओढणीची गाठ घट्ट केली. हातात कळा येत होत्या. "एवढ्या वेळी चालतं," त्या म्हणाल्या.

पहिल्या मजल्यावरची हेमा त्या दिवशी घरी होती. तिने रिक्षा आणली आणि दोघींना दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "कशा पडलात, काकू?"

"बाथरूममध्ये घसरले," सरोजिनीबाई म्हणाल्या.

हेच वाक्य त्यांनी बत्तीस वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून ऐकलं होतं. सुजलेले गाल, मोडलेली बोटं घेऊन बायका यायच्या आणि नजर चुकवून म्हणायच्या, न्हाणीत पाय घसरला, सिस्टर. खरं काय ते सरोजिनीबाईंना तेव्हाही कळायचं, आणि त्या तेच लिहून घ्यायच्या. आता शेजारी स्पृहा बसली होती, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत.

चेतन दुसऱ्याच दिवशी दुपारच्या विमानाने आला. आल्या आल्या त्याने बाथरूम पाहिलं, फरशीवर तळवा फिरवून पाहिला. संध्याकाळपर्यंत त्याने भिंतीत स्टीलचे दोन दांडे बसवून घेतले आणि हिरवी रबरी चटई आणली. स्वयंपाकाला बाई ठरवली. सगळं भराभर. तो मीटिंगमध्ये बोलत असेल तसाच बोलत होता.

"आई, तू इथे स्वतःलाच सांभाळू शकत नाहीयेस, त्यात हिला कुठे सांभाळशील? मी हिला उद्या घेऊन जातो."

"पौर्णिमेपर्यंत तरी राहू दे. बाई ठरवलीयस ना तू. मला काही होत नाही."

"एका हाताने?"

सरोजिनीबाईंना वाटलं, आत्ता सांगावं. मी बाथरूममध्ये पडले नाही, मी सायकल चालवत होते, तीस फूट चालवली. पण मग तो विचारील, सीट कोणी धरली होती? दारात स्पृहा उभी होती. त्या डाव्या हाताने तिचे कपडे गोळा करायला लागल्या.

सकाळी निघताना स्पृहा बूट घालायच्या निमित्ताने आत रेंगाळली आणि त्यांच्या कानाशी आली. "मी सांगू बाबाला?"

"नको," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आपलं ठरलंय ना?"

स्पृहाने मान हलवली, पण ती हो अशी नव्हती. टॅक्सी वळेपर्यंत सरोजिनीबाई गॅलरीत उभ्या होत्या. टॅक्सीतून हात बाहेर आला नाही. बुद्धपौर्णिमेला त्यांनी डाव्या हाताने वाटीभर खीर केली. अर्धी हेमाला दिली.

प्लॅस्टर सहा आठवड्यांनी निघालं. चेतनचा फोन दर रविवारी यायचा. दांडे धरतेस ना, चटई जागेवर आहे ना, हे तो आधी विचारायचा. मग फोन स्पृहाकडे जायचा. "कशी आहेस आजी?" "बरी आहे. तू?" "मी पण." मग फोन परत चेतनकडे. पूर्वी तिच्या हातून फोन काढून घ्यावा लागायचा. शाळा, होमवर्क, मैत्रिणी, असेल काहीतरी, असं सरोजिनीबाई मनाशी म्हणायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत ती सगळी सोनालीच्या माहेरी नागपूरला गेली. पुढच्या मे महिन्यासाठी सरोजिनीबाईंनी मार्चमध्येच विचारलं. चेतन म्हणाला, "नको आई, तुला त्रास. यंदा ती कॅम्पला जातेय."

"मला कसला त्रास?"

"तू परत पडलीस तर? तिथे कोण आहे तुझ्याजवळ?"

हे खरंच होतं, आणि ते खोट्यावर उभं होतं.

एप्रिलमध्ये चेतन हिंजवडीला कामासाठी आला आणि दुपारी दोन तास घरी आला. सरोजिनीबाईंनी त्याला आवडतात तसे बोंबील केले होते. तो जेवत असताना त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "चेतन, मी त्या वेळी बाथरूममध्ये पडले नव्हते."

तो जेवायचा थांबला नाही. "माहितीये."

"काय माहितीये?"

"सायकल. स्पृहाने तेव्हाच सांगितलं, विमानात. खूप रडली. खोटं बोलायला नको होतं म्हणाली."

सरोजिनीबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. "मग वर्षभर तू मला दांडे धरतेस का विचारत होतास?"

"आधी राग आला होता, आई. तू या वयात सायकल चालवतेस, वर लहान मुलीला खोटं बोलायला लावतेस. म्हटलं, तू सांगशील आपणहून. मग..." तो पाणी प्यायला. "मग राहूनच गेलं. कामात कुठे वेळ असतो."

"आणि ती? ती काही म्हणायची?"

"विचारायची ना. दर रविवारी. फोन माझ्याकडे आला, की हळूच विचारायची, आजीने सांगितलं का? मी म्हणायचो, नाही अजून." तो ताटाकडे बघत म्हणाला, "आता नाही विचारत."

बाहेर कुठेतरी पाण्याचा टँकर मागे घेत होते, त्याची शिट्टी वाजत राहिली. चेतनने हात धुतले. निघण्याआधी सरोजिनीबाईंनी त्याला बंगलोरला फोन लावायला सांगितला. फोन स्पृहाने घेतला.

"स्पृहा, मी बाबाला सगळं सांगितलं. तू आधीच सांगितलंस, ते बरोबर केलंस. चूक माझी होती. तुला मी खोटं बोलायला लावायला नको होतं."

मग स्पृहा म्हणाली, "ओके." आणि थोड्या वेळाने, "हात दुखतो का?"

"थंडीत दुखतो थोडा."

"ओके, आजी."

"या मे महिन्यात येशील? बाबा सोडेल आता."

"कॅम्पची फी भरलीये. माझ्या फ्रेंड्स पण आहेत."

"बरं. जा मग. मजा कर."

चेतनची गाडी खाली हॉर्न वाजवत होती. तो वाकून पाया पडला आणि "जयभीम, आई" म्हणून गेला.

स्पृहा आली ती त्याच्याही पुढच्या वर्षी, आईवडिलांबरोबर, एका लग्नासाठी, चार दिवस. उंच झाली होती. केस कापलेले, कानात गाण्यांच्या वायरी. सरोजिनीबाई तिच्यासाठी पोळ्या करत होत्या तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सरोजिनीबाईंनी मागे वळून पाहिलं.

"आजी, तुम्ही बसा ना," ती म्हणाली. "तुम्ही दमला असाल. मी वाढून घेते."

सोनाली हॉलमधून कौतुकाने म्हणाली, "बघितलंत आई? किती शहाणी झालीये."

"हो," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि तव्यावरची पोळी उलटली.