पुसलेली भुलाबाईची गाणी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी दोन बटणे निघाली आहेत आणि चार्जर लावल्याशिवाय मी चालत नाही. वर्षाली नोकरीला लागली, तिने नवा घेतला आणि मला आंजी गावी वडिलांकडे, मधुकररावांकडे, ठेवून गेली.

मधुकरराव भाजीपाला पिकवतात. त्यांच्या पत्नी गोपिकाबाईंना भादव्यापासून मुली टिपऱ्यांवर म्हणतात ती भुलाबाईची पुष्कळ गाणी येत. ती नातीसाठी भरून ठेवा म्हणून वर्षालीने माझ्यात रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर टाकून दिले, माईक पाठवला. दोघांनाही त्यातले काही कळत नव्हते. मधुकरराव टिपऱ्यांचा ठेका आधी भरत. तो स्पीकरवर लावून बाई गात. मग ठेका पुन्हा माईकमध्ये शिरे आणि सगळे दुहेरी ऐकू येई. हेडफोन लावायचा असतो हे कळायला आठवडा गेला. बाई माईकला तोंड लावून गात. पडद्यावरची रेघ लाल होई, आवाज फाटे.

"मी गाऊन राह्यली का भांडून राह्यली? हे लाल काऊन होते?" बाई विचारत.

"जरा मांगं सरक. इतक्या जवळून तुहा आवाज मले बी झेपत नाई."

अशी सात गाणी झाली. माघात गोपिकाबाई गेल्या.

भादव्यात नातीने गाणी मागितली. ती वेगळी काढून पाठवायला माझ्यात जागा उरली नव्हती. मधुकररावांना 'गोपिका' नावाची फाइल दिसली. शेजारी एक मोठा फोल्डर होता, त्यात नुसते आकडे. निंदताना तण उपटावे तसा त्यांनी तो काढून टाकला, कचऱ्याचा डबाही रिकामा केला. बाईंचा आवाज त्या आकड्यांच्या फाइलींतच होता. 'गोपिका'मध्ये फक्त कोणते गाणे कुठे आहे याची नोंद होती. ती उघडली तेव्हा सात नावे आली, आवाज आला नाही.

पुसलेले लगेच जात नाही, मित्रांनो. त्या जागेवर दुसरे काही भरेपर्यंत ते माझ्यात पडून असते. मला हे ठाऊक होते, पण सांगता येत नव्हते. मुलीला सांगायची मधुकररावांना लाज वाटली. ते रोज माईकसमोर बसून बाईंची गाणी आठवून स्वतःच म्हणू लागले. कडवे चुकले की पुन्हा भरत. प्रत्येक वेळी बाईंचा थोडा आवाज कायमचा जात होता.

पाचव्या दिवशी वर्षालीचा फोन आला तेव्हा त्यांनी खरे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, त्याले आता हात लावू नका. आत्ताच बंद करा."

वर्ध्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शुभम नावाच्या कारागिराने चार गाणी परत काढली. बाकी तिन्हींच्या जागी मधुकररावांचा आवाज निघाला. तो पुसू का, असे शुभमने विचारले.

"राहू दे," ते म्हणाले. "चाल तं तिचीच हाय."

मित्रांनो, घरात कोणी गात असेल तर भरून ठेवा, आणि भरलेले दोन ठिकाणी ठेवा. एखादी गोष्ट काय आहे ते कळत नसेल तर काढण्याआधी कोणाला तरी विचारा. मधुकररावांना पाच दिवस सांगायची लाज वाटली. तीन गाणी गेली.