रेघ न उमटलेली पट्टी

संध्याकाळी सहा वाजता चौथ्या मजल्यावर घड्याळजींना स्टिरॉइडचं सलाईन लागलं. शरीर नव्या किडनीवर उठलं होतं. पांढऱ्या पेशींचा जोर मोडला नाही तर ती हातची जाणार होती. किडनी थोरल्या बहिणीने दिलेली.

"माझी वस्तू आहे, नीट वापर म्हटलं होतं," ताई त्यांच्या पायांवर पांघरूण ओढत म्हणाली.

"वापरतोय की. तूच जुनी दिलीस."

घड्याळजींचे डोळे मिटलेलेच होते. आठवडाभर डोकं ठणकत होतं, उजेड सोसवत नव्हता. महिन्यापूर्वी मनोऱ्यातलं मोठं घड्याळ त्यांनी कबुतरांच्या वाळक्या विष्ठेत बसून दुरुस्त केलं होतं. त्या विष्ठेत वाढणारी एक बुरशी श्वासातून शिरते आणि मेंदूपर्यंत पोचते. म्हणून सकाळी पाठीच्या मणक्यांतून पाणी काढून तपासलं. पाणी नितळ, पांढऱ्या पेशी जेमतेम, बुरशी ओळखायच्या चाचणीपट्टीवर रेघ नाही. तळमजल्यावरच्या लॅबमधल्या डॉक्टरबाईंनी 'बुरशी नाही' या अहवालावर सही केली. स्टिरॉइडने बुरशीला मोकळं रान मिळतं, म्हणून त्याच भरवशावर सलाईन लागलं होतं.

थोड्या वेळाने किडनीच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच रुग्णाच्या रक्तासाठी लॅबला फोन केला. बोलता बोलता म्हणाले, "घड्याळवाल्याचं पाणी काढताना दाब मोजायची नळी पुरली नाही. पाणी जोराने चढून वरून सांडलं. तरी तुमच्याकडे सगळं छान."

"हे आम्हाला कुणी कळवलं नाही," बाई म्हणाल्या. "सलाईन चालू आहे?"

"आहे."

"हळू ठेवा. मी परत बघते, वीस मिनिटं द्या."

"तुमची वीस मिनिटं मला माहीत आहेत."

एवढा दाब आणि पेशी जवळजवळ नाहीतच, हे बाईंना पटेना. एरवी बुरशी दिसली की पांढऱ्या पेशी धावून येतात आणि तिला गिळतात. या बुरशीभोवती मात्र साखरेचं जाड, बुळबुळीत आवरण असतं. त्यावर पेशींची पकड बसत नाही. आवरणातून सुटलेली साखर पाण्यात पसरते आणि धोक्याची हाकही दाबून टाकते. आत बुरशी माजते, बाहेर सामसूम.

पूर्वी प्रत्येक नमुना काळ्या शाईत मिसळून पाहिला जाई. पट्टी आल्यापासून शाई फक्त पेशी वाढलेल्या असतील तरच, असा नियम झाला. नियम बाईंनीच घातला होता.

त्यांनी फडताळातून शाईची बाटली काढली. एक थेंब काचेवर, वर पाण्याचा थेंब. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पडद्यावर पांढरी वलयं दाटीवाटीने बसली होती. शाई आवरणात शिरत नाही, म्हणून बुरशीच्या प्रत्येक पेशीभोवती उजळ कडं.

मग पट्टी का गप्प? बाईंनी उरलेलं पाणी शंभरपट पातळ करून नवी पट्टी बुडवली. रेघ ठळक उमटली. पट्टीने साखरेच्या एकाच कणाला दोन बाजूंनी पकडलं तरच रेघ उमटते. सकाळी कण इतके होते की प्रत्येक बाजूला वेगळाच कण चिकटला आणि जोडी जमलीच नाही.

"सलाईन बंद करा," त्या फोनवर म्हणाल्या. "बुरशी आहे, भरपूर आहे."

"अहवाल तुमचाच होता ना?"

"माझाच. चुकला. आधी बंद करा, मग बोला."

सलाईन बंद झालं तेव्हा निम्मी बाटली रिकामी होती. डॉक्टरांनी ताईला बाहेर बोलावलं. बुरशीचं औषध सुरू करतोय, म्हणाले. पण पांढऱ्या पेशी मोकळ्या सोडल्या तर किडनी जाऊ शकते, आणि त्या एकदम जाग्या झाल्या तर मेंदूलाच सूज येईल.

ताईने पदराने चष्मा पुसला. "किडनी गेली तर डायलिसिसच्या मशीनवर बसेल. डोकं एकच आहे त्याला, तेही तसलंच. ते वाचवा."

सकाळी पुन्हा पाणी काढलं. या वेळी नळी पुरली, जेमतेम. रक्तातला किडनीचा आकडा कालच्यापेक्षा वर होता, म्हणजे किडनी आणखी खालावली होती. घड्याळजींचे डोळे उघडे होते. ताईने किती वाजले विचारलं. त्यांनी मनगट डोळ्यांसमोर धरलं आणि बराच वेळ घड्याळाकडे नुसतं बघत राहिले.