केर्कहुकचा बांध

न्यू जर्सीतल्या कॅरी हुक गावात शरयू म्हात्रे पहिल्यांदा गेली, तेव्हा सगळ्यांनी तिला टेकडीवरचं दगडी चर्च दाखवलं. डच लोकांनी वसवलेलं मूळ गाव इथेच होतं, असं स्थानिक इतिहास मंडळाचे म्हातारे अध्यक्ष वॉल्टर व्हॅन रिपर म्हणाले. त्यांचे पूर्वज त्याच गावातले. कॅरी नावाच्या कुणा बाईवरून गावाला नाव पडलं, असंही त्यांनी सांगितलं.

शरयूला ते पटलं नाही. ती पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला जुन्या डच वस्त्यांच्या भूगोलावर पीएचडी करत होती. डच भाषेत केर्क म्हणजे चर्च आणि हुक म्हणजे कोपरा. मूळ नाव केर्कहुक असणार. पण टेकडीच्या माथ्याला कोपरा कोण म्हणेल? खाली खाडी वळते तिथे मात्र जमिनीचा ठसठशीत कोपरा होता. आता तिथे नुसतं दलदलीचं गवत माजलं होतं, आणि एक कंपनी भराव टाकून गोदाम बांधायला निघाली होती.

त्या गवतात शरयूला एक लांबलचक बुटका उंचवटा दिसला आणि ती जागीच थबकली. ती पेणजवळच्या खारेपाटातली. भरती शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध तिने लहानपणापासून पाहिलेला. हा बांधच होता.

मूळ गाव या बांधाआड होतं हे सिद्ध करायला गावच्या नियोजन मंडळाने तिला गोदामाच्या पुढच्या सुनावणीपर्यंत मुदत दिली. शनिवार-रविवारी ती न्यू जर्सीतच आयसेलिनला सुवर्णामावशींकडे उतरायची. मावशी तिच्या आईची मैत्रीण. त्यांचा मुलगा नकुल सर्व्हे इंजिनियर होता, तोही ड्रोन घेऊन मदतीला आला. परवानगी काढून दोघांनी बांधाच्या आत चर खणला. हाती फक्त चिखल लागला. प्राध्यापकांनी विषय सोडायला सुचवलं. वॉल्टर तर तिला पाहून मान हलवत निघून गेले.

शरयू त्या रात्री खूप रडली. पण रडता रडताच तिच्या लक्षात आलं, की आपण घरं शोधत बसलो. आधी उघाडी शोधायला हवी. आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला बांधात दार ठेवतात, तेच हे. ते नेहमी सगळ्यात सखल जागी असतं, आणि वस्ती त्याच्यापासून जवळच्या उंचवट्यावर.

पुढच्या ओहोटीला दोघं गुडघाभर चिखलात उतरले.

"शरयू, धिस इज जस्ट मड," नकुल वैतागून म्हणाला.

तेवढ्यात तिची लोखंडी सळई कशावर तरी टक्कन आपटली. दोघांनी हातांनी चिखल उपसला. ओकचं अख्खं खोड पोखरून केलेली मोरी होती, तोंडाला लाकडी झडपेसकट. चिखलाने ती इतकी वर्षं जपली होती.

मग सगळंच भराभर घडलं. लाकडाच्या वर्तुळांवरून प्रयोगशाळेने सांगितलं, की झाड सतराव्या शतकाच्या शेवटी तोडलेलं, टेकडीवरच्या चर्चच्या कितीतरी आधी. उघाडीजवळच्या उंचवट्यावर लहान पिवळ्या डच विटांचे पाये निघाले. एक पाया घरांपेक्षा मोठा होता, अष्टकोनी. ते पहिलं चर्च.

सुनावणीला सभागृह गच्च भरलं. शरयूने नकाशा दाखवला, विटा दाखवल्या. मग वॉल्टर उठले, आणि आता ते हे सगळं खोडून काढणार असं वाटून नकुलने तिचा हात घट्ट धरला.

"माझ्या आजोबांनी मला टेकडी दाखवली, मी तुम्हाला दाखवली," वॉल्टर म्हणाले. "आम्ही दोघंही चुकलो. माझं गाव खाली आहे. या मुलीने ते मला परत दिलं. त्यावर माती टाकू देऊ नका."

मंडळाने एकमताने गोदामाला नकार दिला आणि खाडीकाठची ती जमीन जपायचं ठरवलं. सगळं सभागृह उभं राहिलं. मागच्या रांगेत मावशी डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. वॉल्टर गर्दीतून वाट काढत आले आणि शरयूपुढे त्यांनी टोपी काढली.

बाहेर येऊन तिने पेणला फोन लावला. तिकडे नुकतं उजाडलं होतं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, लाकूड कसलं होतं. ओकचं, ती म्हणाली.

"आपल्यात सागाचं घालतात," बाबा म्हणाले. "थांब, फोन ठेवू नको. गावात सगळ्यांना उठवतो."